मणक्याची शस्त्रक्रिया करायची की नाही: निर्णयाचे दोन महिने

माझी कंबर गेली कित्येक वर्षे अधूनमधून धरत असे. बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत मी हिशेबाचे काम करते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांच्या कमरेचे जे होते तेच माझेही होत होते. शेक, मलम आणि दोन दिवस जपून वागणे एवढ्यावर ते भागत असे आणि शस्त्रक्रियेचा विचारही कधी मनात आला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये, अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात, दुखणे कमरेतून निघून डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे, तिथून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या भागापर्यंत उतरले, तेव्हा हा प्रकार वेगळा आहे हे लक्षात आले. उभे राहिले की थोडे बरे वाटे. बसले की दहा मिनिटांत पायात वीज चमकू लागे. शिंक आली तर डोळ्यांत पाणी येई.

दांडिया बाजारातील आमच्या घरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलेले प्रश्न मला त्या वेळी विचित्र वाटले होते. लघवी नेहमीसारखी होते का, ती तुंबते का, किंवा नकळत होते का? मांड्यांच्या मधल्या, बसताना टेकणाऱ्या भागात बधिरपणा आहे का? ताप, वजन घटणे, पूर्वी कधी कर्करोग, अलीकडे पडणे? सगळ्यांची उत्तरे नकारार्थी आली, तेव्हा त्यांनी मला उताणे झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलला. डावा पाय अर्ध्यावर पोचण्याआधीच कळ थेट पावलापर्यंत गेली. कमरेच्या मणक्यापाशी शीर दबली असावी, पण एमआरआयची घाई नको, असे त्यांनी सांगितले. बहुतेक रुग्णांची ही सायटिका, म्हणजे शीर दबून पायात उतरणारी कळ, सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून कमी होते आणि अंथरूण धरून पडून राहिल्याने फायदा होत नाही, म्हणून वेदनाशामक गोळ्या घेऊन जमेल तेवढे चालत राहावे, असा त्यांचा सल्ला होता.

दोन आठवड्यांत काही फरक पडला नाही, म्हणून नवरात्रात, ७ ऑक्टोबरला, एमआरआय केला. खासगी केंद्रात सुमारे साडेसहा हजार रुपये लागले. मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना घरीच काढून जावे, म्हणजे तिथे पर्स कोण सांभाळणार हा प्रश्न उरत नाही. यंत्राच्या आवाजापेक्षा अर्धा तास हालचाल न करता उताणे पडून राहणे मला जड गेले. त्याआधी तासभर वेदनाशामक गोळी घ्यावी हे मला तेथील तंत्रज्ञानेच सुचवले, आणि ते फार उपयोगी पडले. अहवालाबरोबर सीडीही मागून घ्यावी, कारण दुसऱ्या मतासाठी जाताना नुसता कागद पुरत नाही.

अहवाल संध्याकाळी हातात आला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. तीन ठिकाणी मणक्यांमधील चकत्या (डिस्क, म्हणजे गाद्या) सुकलेल्या, दोन ठिकाणी फुगवटा, सांध्यांची झीज, आणि एल ४-५ म्हणजे कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकतीचा गर बाहेर निसटून डावी शीर दाबणारा. वाचणाऱ्याला वाटावे की आपला कणा आता उभा राहणारच नाही. त्यांपैकी बराचसा मजकूर वयाचा असतो हे मला पुढे कळले. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला; त्यात चाळीस वर्षांच्या निरोगी माणसांपैकी ६८ टक्क्यांच्या चकत्यांची झीज झालेली आणि ५० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. माझ्या अहवालातील पाच-सहा ओळींपैकी माझ्या पायाशी संबंध असलेली ओळ एकच होती, पण हे अहवालावर कुठेही लिहिलेले नसते.

पहिल्या शल्यचिकित्सकांकडे आम्ही गेलो ते एका मोठ्या रुग्णालयात. दोन तास थांबल्यावर जी भेट झाली, तिचा बहुतेक वेळ फिल्म प्रकाशात धरून पाहण्यात गेला. दोन पातळ्यांवर स्क्रू आणि पिंजरा बसवून मणके जोडावे लागतील, उशीर करू नका, आणि मेडिक्लेम आहे ना, एवढे बोलणे झाले. बाहेरच्या टेबलावरील मुलीने लगेच साडेतीन लाखांच्या आसपासचे अंदाजपत्रक छापून दिले. त्या डॉक्टरांचे निदान चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण शीर दबलेली होतीच. पण त्यांनी माझ्या पायाला हात लावला नव्हता, आणि हे मला खटकले ते घरी आल्यावर.

त्यानंतरचे काही दिवस घरात मतांचा बाजार भरला. सासूबाईंनी, "अगं, मणक्याला हात लावू देऊ नकोस, पूर्वी आमच्या वाड्यातले एक गृहस्थ ऑपरेशननंतर उठलेच नाहीत," असे बजावले. पुण्याहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, आता दुर्बिणीतून होतं, दुसऱ्या दिवशी घरी, कशाला सोसताय?" शेजारच्या बेननी एका हाडवैद्याचा पत्ता आणून दिला, जो एका झटक्यात गादी जागेवर बसवतो अशी त्याची ख्याती. चकतीचा गर बाहेर आलेला असताना कमरेला झटका देऊन घेणे धोक्याचे, म्हणून तिथे मी गेले नाही. बाकीच्या दोन मतांबद्दल आज मला असे वाटते की दोघीही आपापल्या परीने खरेच सांगत होत्या, फक्त वेगवेगळ्या शस्त्रक्रियांबद्दल, वेगवेगळ्या काळांतील आणि वेगवेगळ्या कारणांसाठी केलेल्या. "मणक्याचे ऑपरेशन" या एका नावाखाली मणके जोडण्यापासून तीन सेंटिमीटरच्या छेदातून गराचा एक तुकडा काढण्यापर्यंत सगळे येते, आणि घरातली चर्चा ते वेगळे करीत नाही.

दसऱ्यानंतर अलकापुरीत एका मणकातज्ज्ञांची वेळ मिळाली. तपासणी शुल्क बाराशे रुपये. फिल्मचे पाकीट मी पुढे केले, तर ते बाजूला ठेवून डॉक्टर म्हणाले, "बेन, पहेलां चंपल काढो." मग त्यांनी मला आधी चवड्यांवर आणि नंतर टाचांवर चालायला लावले. पावलाचा अंगठा त्यांच्या बोटांविरुद्ध वर ओढायला सांगितला, घोट्यामागे हातोडी मारून पाहिली, टाचणीने दोन्ही पावलांवरचा स्पर्श पडताळला. मग फिल्म पाहिली. पावलाच्या वरच्या भागातील बधिरपणा, वेदनेची वाट आणि एल ४-५ मधील निसटलेला गर हे तिन्ही एकाच शिरेकडे बोट दाखवतात, असे त्यांनी सांगितले. अंगठ्याची ताकद मात्र त्या दिवशी पूर्ण होती. त्यांनी उभ्याने, पुढे वाकून आणि मागे झुकून असे कमरेचे क्ष-किरण काढून आणायला सांगितले, ज्याला सातशे रुपये लागले. माझ्यासारख्या दुखण्यात सहसा मणका मणक्यावरून सरकत असेल तरच जोडणीचा विचार करावा लागतो आणि माझा मणका सरकत नव्हता. साडेतीन लाखांच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न सातशे रुपयांच्या तपासणीने मिटला, म्हणून ज्यांना स्क्रू सुचवले गेले असतील त्यांनी हे क्ष-किरण झाले आहेत का एवढे जरूर विचारावे.

त्यानंतर त्यांनी जे समजावले ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. शस्त्रक्रिया पायात उतरणाऱ्या वेदनेसाठी चांगली, निव्वळ कमरेच्या दुखण्यासाठी तिचा भरवसा कमी. लघवी तुंबणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे किंवा दोन्ही पाय लुळे पडू लागणे यांपैकी काहीही झाले तर रात्र असो वा सण, त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, कारण तिथे तासांचा हिशेब असतो. अंगठ्याची किंवा पावलाची ताकद घटू लागली तर एक-दोन दिवसांत दाखवायचे. आणि यांतले काहीच नसेल, नुसती वेदनाच असेल, तर निर्णय रुग्णाचा, आणि त्याला घाई नसते. नेदरलँड्समधील २८३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्याचा त्यांनी उल्लेख केला. तीव्र सायटिका असलेल्यांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, निम्म्यांना थांबायला सांगितले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. लवकर केलेल्यांचा लाभ एवढाच, की त्यांची वेदना लवकर गेली. बाहेर निसटलेला गर शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेते, आणि नुसत्या फुगवट्यापेक्षा असा मोठा तुकडा विरघळण्याची शक्यता अधिक असते, हेही मला त्याच दिवशी कळले.

तेव्हा दिवाळीपर्यंत थांबायचे ठरले. थांबणे म्हणजे काही न करणे नव्हे, हे पहिल्या आठवड्यातच ध्यानात आले. फिजिओथेरपी सत्राला चारशे रुपये, सुरुवातीला एक दिवसाआड. पालथे झोपून कोपरांवर उठण्याचे व्यायाम मला मानवले. काहींना ते मानवत नाहीत, म्हणून दुसऱ्याचा व्यायामाचा कागद आपण वापरू नये. फिजिओथेरपिस्ट बेननी एक खूण शिकवली: वेदना पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत अशी वर सरकत असेल, तर कंबर जास्त दुखली तरी ते सुधारणेचे लक्षण; उलट दिशेने जात असेल तर व्यायाम थांबवायचा. मी रोज रात्री वहीत तीन गोष्टी टिपत असे: किती वेळ बसता आले, वेदना कुठपर्यंत गेली, आणि घरातल्या व्हरांड्यात टाचांवर चालता आले का. सकाळी कमाटीबागेत चालणे आणि दुपारी कंपनीच्या परवानगीने उभ्याने काम, असे चालले होते. स्कूटर बंद केली, कारण गतिरोधकावरचा प्रत्येक धक्का अंगठ्यापर्यंत पोचत असे. कंबरपट्टा फक्त प्रवासात बांधला.

शिरेच्या वेदनेसाठी दिलेल्या प्रीगॅबालिनच्या गोळ्यांनी मला गरगरत असे आणि आकडेमोडीत मन लागत नसे. डॉक्टरांनी त्या हळूहळू कमी करून बंद केल्या. सायटिकासाठी हे औषध साध्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरत नाही, असे ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत आढळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले होते, तरी ते सर्रास दिले जाते. मात्र ते आपल्या मनाने एकदम सोडू नये.

वेदना पोटरीपर्यंत वर आली आणि तिथेच अडली. २५ ऑक्टोबरला शिरेच्या मुळाशी स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले. क्ष-किरण यंत्राखाली, सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी, खर्च सुमारे सोळा हजार. आठवडाभर मी माणसासारखी बसले, जेवले, झोपले. मग दुखणे परत आले. पैसे वाया गेले असे यजमानांना वाटले, पण त्या आठवड्याने एक गोष्ट पक्की केली होती: दोष त्याच शिरेत होता. अहवालातील इतर चकत्यांना हात लावण्याचे काही कारण नव्हते.

दिवाळीनंतर बडोदे लाभपाचमीपर्यंत बंद असते, हे इथल्यांना सांगायला नको. त्या सुट्टीतच माझ्या डाव्या पायातली चप्पल चालताना निसटू लागली. आधी मी चपलेला दोष दिला. ४ नोव्हेंबरला रात्री व्हरांड्यात टाचांवर चालताना डाव्या पावलाचा चवडा वर राहीना, तेव्हा दवाखाना उघडण्याची वाट न पाहता डॉक्टरांच्या सहायकाला फोन केला आणि ६ तारखेची, लाभपाचमीच्या दिवशीची पहिली वेळ मिळाली. अंगठ्याची ताकद खरोखरच घटली होती. फार नव्हे, पण तीन आठवड्यांपूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहण्याइतकी. त्या नोंदीमुळेच ते कळले. आता थांबण्यापेक्षा करणे बरे, असे डॉक्टर म्हणाले आणि मलाही तसेच वाटले. ज्या निर्णयाने महिनाभर झोप उडवली होती तो दहा मिनिटांत झाला, कारण कशामुळे थांबायचे आणि कशामुळे थांबायचे नाही हे आधीच ठरलेले होते.

शस्त्रक्रिया एकाच पातळीवरची, सूक्ष्मदर्शकाखाली निसटलेला तुकडा काढण्याची. धोके मी विचारून घेतले: मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र पडणे, जंतुसंसर्ग, आणि शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांत त्याच जागी चकती पुन्हा निसटणे. पायाची कळ जाईल अशी दाट आशा, ताकद बहुधा परतेल, बधिरपणाचे सांगता येत नाही, आणि जुनी कंबरदुखी तशीच राहू शकेल. सासूबाईंना मी हे सगळे तसेच वाचून दाखवले. त्यांचा विरोध मावळला नाही, पण "अंगठा उचलत नसेल तर मग काय करणार," एवढे त्या म्हणाल्या.

यापुढचा भाग विम्याचा, आणि तो मनस्ताप देणारा. माझी पाच लाखांची पॉलिसी २०१६ पासून अखंड चालू आहे. बहुतेक पॉलिसींत चकतीच्या विकारांसाठी पहिली दोन वर्षे प्रतीक्षाकाळ असतो. तो केव्हाच उलटला होता. कॅशलेसचा, म्हणजे रुग्णालयाचे बिल विमा कंपनीने थेट भरण्याचा, अर्ज गेल्यावर दुसऱ्याच दिवशी कंपनीकडून शंका आली. तपासणीच्या टिपणात कनिष्ठ डॉक्टरांनी "कंबरदुखी १० वर्षे" असे लिहिले होते, म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा, असा तर्क. त्याशिवाय शस्त्रक्रियेपूर्वी इतर उपचार झाल्याचा पुरावाही मागितला. शल्यचिकित्सकांनी पत्र दिले, की कंबरेची अधूनमधूनची तक्रार जुनी असली तरी पायातील वेदना सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि अंगठ्याची ताकद नोव्हेंबरमध्ये घटली. त्याला मी फिजिओथेरपीच्या पावत्या, इंजेक्शनचे कार्ड आणि २०१६ पासूनच्या पॉलिसीच्या प्रती जोडल्या. पॉलिसी अखंड पाच वर्षे चालली असेल तर फसवणुकीखेरीज अन्य कारणाने, जुना आजार सांगितला नाही म्हणून, दावा नाकारता येत नाही, असा विमा नियामकाचा २०२४ पासूनचा नियम आहे. रुग्णालयाच्या विमा कक्षातील मुलाने तोही अर्जात नमूद केला. मंजुरी आली. आपला पूर्वेतिहास लिहिला जात असताना तो तिथल्या तिथे वाचून घ्यावा आणि कमरेचे व पायाचे दुखणे वेगवेगळ्या तारखांसह सांगावे.

खोली निवडतानाही जपावे लागते. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज पाच हजार होती; त्याहून महाग खोली घेतली असती तर शल्यचिकित्सकांच्या शुल्कासह बिलातील कितीतरी रकमा त्याच प्रमाणात कापल्या गेल्या असत्या.

१८ नोव्हेंबरला, सोमवारी, सकाळी शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भूल, पालथे झोपवून, दीड तास. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा पायाकडे लक्ष दिले: कळ नव्हती. पाठीत जखमेचे दुखणे होते, जे त्या कळेपुढे काहीच नव्हते. संध्याकाळी त्यांनी मला धरून उभे केले आणि मी स्वच्छतागृहापर्यंत चालत गेले. तिसऱ्या दिवशी घरी सोडले. रुग्णालयातून घरी सोडताना विम्याची अंतिम मंजुरी तीन तासांत यावी असा नियम आहे. आमची यायला अंधार पडला. सुमारे एक लाख अडतीस हजारांच्या बिलातले अकरा हजार आम्हाला भरावे लागले, ते बहुतांशी हातमोजे, ड्रेसिंगचे सामान अशा विमा न देणाऱ्या वस्तूंचे.

घरी सहा आठवडे पुढे वाकायचे नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, वीस मिनिटांहून अधिक सलग बसायचे नाही. उंच कमोड, स्वयंपाकघरात कमरेच्या उंचीवर आणून ठेवलेले डबे आणि कूस बदलताना सगळे अंग एकत्र वळवण्याची सवय, यांनी बरेच निभावले. जखम दोन आठवड्यांत भरली. उत्तरायणाला मी गच्चीवर गेले, पण मान आणि पाठ मागे टाकून पतंग पाहण्याचे टाळले. त्यानंतरच्या आठवड्यात अर्ध्या दिवसासाठी कामावर रुजू झाले. अंगठ्याची ताकद फेब्रुवारीच्या अखेरीस जवळजवळ पूर्ण आली. पावलाच्या वर रुपयाएवढी एक जागा अजून बधिर आहे. जुनी कंबरदुखी पूर्वीसारखीच अधूनमधून येते, आणि ती जाणार असे मला कोणी सांगितलेलेही नव्हते.

दाखल होण्याआधीच्या ३० आणि घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांतील खर्चाचा वेगळा दावा मी जानेवारीच्या शेवटी पाठवला. मूळ पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रत्येक फिजिओथेरपी सत्राची सही लागते. इंजेक्शन आणि नंतरची फिजिओथेरपी मंजूर झाली. ७ ऑक्टोबरचा एमआरआय व अलकापुरीतील पहिली तपासणी ३० दिवसांच्या बाहेर पडली म्हणून नामंजूर झाली. थांबलेच नसते तर तेवढे आठ-एक हजार परत मिळाले असते, असे यजमान अजून म्हणतात.